यंत्राचे उत्तर आणि पावसाचा डबा

शाळा कशासाठी, असे कुणी विचारले, तर कालपरवापर्यंत उत्तर ठरलेले होते. जे घरी कळत नाही, ते मास्तर सांगतात. आता तेच खिशातला फोन सांगतो. २०२२ सालच्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी नावाचे संभाषणयंत्र लोकांपुढे आले. त्याला मराठीत विचारले तर ते मराठीत उत्तर देते. 'माझे गाव' हा निबंध तर ते गाव न पाहताच लिहून देते! मग गुरुजींनी तांबड्या शाईने तपासायचे कुणाचे?

फोन शाळेबाहेर ठेवावा, असे पुष्कळांचे म्हणणे. काही तास ठेवावाही. पण तेवढ्याने भागत नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येईल, याचा अंदाज हे यंत्र बांधते. अंदाज बरेचदा चांगला निघतो. पण चुकतो तेव्हाही ते तितक्याच ठामपणे बोलते. म्हणून सांगितलेले ताडून पाहण्याची विद्या आता शाळेने द्यावयास हवी.

ती नुसती बाकावर बसून यायची नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर शंभर चौरस मीटर असेल, तर वीस मिलिमीटर पावसात त्यावर दोन हजार लिटर पडले. सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी मुलांनी फूटपट्टीने पाणी मोजावे, वहीत लिहावे, डबा रिता करावा. महिन्याने फोनला विचारा, आपल्याकडे पाऊस किती झाला? आकडे जुळले नाहीत, तर त्याचा आकडा कुठल्या मापकाचा? आपल्या शिवारातला, की चार कोसांवरचा? की आपलंच मोजणं चुकलं? त्या दिवशी धडा हाच.

विचार नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान मागितले होते. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथे मुले हाताने काम करीत विज्ञान शिकू लागली.

यावर एखादा शेतकरी बाप म्हणेल, "माझ्या पोरानं शाळेतबी मातीच उकरायची का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शहरातल्या मुलाला संगणक आणि खेड्यातल्याला फावडे, अशी वाटणी होणार असेल तर बापाचा राग रास्तच आहे. संगणक दोघांना हवा. डबाही दोघांच्या हाती हवा.

अडचण आहे ती परीक्षेची. पाठ केलेले विचारले की पाठच केले जाणार. वरून बदल होईल तेव्हा होवो. पण निबंध तरी शिक्षकांनी वर्गात, समोर बसवून, त्या पावसाच्या वहीवरून लिहून घ्यावा. ओढ्याला पाणी कोणत्या दिवशी आले, कुणाच्या विहिरीला किती हात चढले, पेरणी कुणाची साधली आणि कुणाची हुकली.