जमिनीचे उतारे आणि घरचा संगणक

आज बियाणे नाही आणि खतही नाही. आज बोलायचे आहे घरातल्या संगणकाविषयी. पनवेल तालुक्यात आता बऱ्याच घरांत मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला संगणक असतो. त्यावर अभ्यास होतो, सिनेमेही होतात. जमिनीचे कागद मात्र अजून लोखंडी पेटीत, कपड्यांच्या घड्यांखाली. एखाद्या पावसाळ्यात पेटीला ओल लागली की सगळ्याचा लगदा होतो.

आपल्या भागात या कागदांची किंमत वेगळी सांगायला नको. १९७० साली सिडको आली, पनवेल-उरणच्या जमिनी संपादनात गेल्या, पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, मग विमानतळ आणि नैना. ज्याला उतारे आणि फेरफार वेळेवर सापडतात त्याचे काम पुढे सरकते. ज्याला सापडत नाहीत त्याच्या चपला झिजतात. म्हणून हे काम घरच्या घरी कसे करायचे ते पाहू.

संकेतस्थळावर सातबारा दोन तऱ्हांनी मिळतो. एक फुकट पाहता येतो, पण तो फक्त माहितीसाठी. दुसरा डिजिटल स्वाक्षरीचा. हा १ मे २०१८ पासून मिळू लागला, त्याला १५ रुपये पडतात आणि तोच कामाला चालतो. त्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही. मोबाइल क्रमांक टाकला की फोनवर ओटीपी येतो, तो भरायचा. मग जिल्हा रायगड, तालुका पनवेल, आपले गाव आणि सर्व्हे नंबर. आपल्याकडे हिस्से फार, म्हणून यादीतून आपलाच हिस्सा नंबर निवडला ना, हे दोनदा बघा. पैसे भरता भरता वीज गेली तर घाईने पुन्हा पैसे भरू नका. वीज आल्यावर आधीच्या व्यवहाराचे काय झाले ते तिथेच तपासता येते.

उतारा उघडला की लगेच मिटू नका, वाचा. नाव बरोबर आहे का, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये बरोबर आहे का, आणि इतर हक्कात फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसतो आहे का? चूक दिसली तर तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता खरी अडचण पुढेच येते. उतारा संगणकावर उतरतो खरा, पण 'डाउनलोड्स' नावाच्या कप्प्यात, लांबलचक आकड्यांच्या नावाने. महिन्याने तो शोधायला बसलात तर शेजारी तसल्याच नावाच्या पन्नास फायली. पनवेल-२ आणि पनवेल-३ भाताची पोती चिठ्ठी न लावता एकाजवळ एक ठेवली तर पेरणीला जो घोळ होईल, तोच हा. तेव्हा उतरल्या उतरल्या नाव द्यावे. फाइलवर एकदा टिचकी मारा, वरच्या ओळीतली 'एफ दोन' ही कळ दाबा, जुने नाव निळे होईल, त्यावर नवे टाइप करा आणि एंटर. नावात आधी साल आणि महिना, मग गाव, मग सर्व्हे नंबर. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आपण ४५/२ असे लिहितो, पण ती मधली तिरकी रेघ संगणक फाइलच्या नावात घेत नाही. तिथे ४५-२ असे लिहा. याच एका रेघेपायी कित्येक जण कंटाळून नाव देणे सोडून देतात.

मग 'जमीन' नावाचा एक फोल्डर करा आणि सगळे त्यात ठेवा. जुने फेरफार, खरेदीखत यांचे फोनने फोटो काढून तेही त्यात घाला. फोटो उजेडात काढा, कागदाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. अर्थात मूळ कागद फेकायचा नाही, बरं का!

सगळे बियाणे आपण एका कणगीत ठेवत नाही, तशी प्रतही एकच ठेवू नये. पेन ड्राइव्ह लावा, फोल्डरवर टिचकी मारून कंट्रोल धरून सी दाबा, पेन ड्राइव्ह उघडून कंट्रोल धरून व्ही दाबा. झाली नक्कल. पण पेन ड्राइव्ह ओढून काढू नका. खाली उजव्या कोपऱ्यात त्याचे छोटे चित्र असते, तिथून 'इजेक्ट' करा, आणि काढायला हरकत नाही असा संदेश आला की मगच हात लावा. नक्कल अर्धवट असताना ओढला तर फाइल बिघडते. हा पेन ड्राइव्ह बहिणीकडे किंवा भावाकडे ठेवलात तर आणखी चांगले.

प्रिंट काढायला बाजारात जाताना हा नेऊ नये. त्यासाठी वेगळा, स्वस्तातला ठेवा आणि त्यात लागेल तेवढीच फाइल घाला. दहा ठिकाणचे पेन ड्राइव्ह लागलेल्या संगणकावरून व्हायरस येतो, आपल्या फायली दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट राहतात. घरी आल्यावर तो आधी तपासून घ्यावा. दुकानदाराच्या संगणकावर आपली फाइल राहिली असेल तर शिफ्ट धरून डिलीट दाबायला सांगा. आणि ओटीपी कोणी फोनवर मागितला तर देऊ नये, मागणारा साहेब म्हणवत असला तरी. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

आता यंत्राची निगा. आपल्याकडचा पाऊस आणि खाडीवरून येणारा खारा वारा पत्रा खातो, तसाच संगणकाच्या आतले जोडही खातो. म्हणून पावसाळ्यात तो खिडकीशी किंवा ओल धरणाऱ्या भिंतीशी ठेवू नये, आणि काम नसले तरी रोज तासभर चालू करावा. आतल्या उबेने दमटपणा कमी होतो. मळणीच्या दिवसांत भाताचा कोंडा पंख्यात बसतो. वायर काढून मऊ ब्रशने तो झाडा, ओले फडके नको. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही बघा. परतीच्या पावसात विजा सुरू झाल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि इंटरनेटची तार, दोन्ही उपसून ठेवा. यूपीएस असला तर तो काम जतन करून संगणक बंद करण्यापुरताच असतो. त्यावर सिनेमा बघू नये.

लावणीत फोन चिखलात पडतो. तो तांदळाच्या डब्यात पुरायची रीत आहे. तांदूळ आपल्या घरचा असला तरी ती रीत सोडा. त्याची पूड आणि बारीक कण फोनच्या भोकांत जातात. फोन बंद करा, सिम काढा, चार्जरचे भोक खाली धरून हळू झटका आणि वाऱ्यावर कोरड्या जागी ठेवा. चुलीजवळ नको, उन्हात नको. एक-दोन दिवस थांबून मगच चार्जर लावा.