बिनतारी यंत्र आणि आपला शब्द



पैनगंगेच्या पुरात दूरध्वनीच्या तारा तुटल्या, तरी आपल्या मेहकर परिसरात हातातील बिनतारी यंत्र निरोप पोहोचवू शकते. त्याचे कार्य समजून घेऊ.

कळ दाबताच प्रक्षेपक मंडल सुरू होते. स्फटिकाच्या आधारे आंदोलक स्थिर कंप्रतेची लहर निर्माण करतो. मायक्रोफोन आवाजाचे विद्युत् संकेतांत रूपांतर करतो. त्यांच्या चढउतारानुसार लहरीची कंप्रता किंचित बदलते. हेच कंप्रता-विरूपण. विवर्धक लहरीची शक्ती वाढवतो. ती साधारणतः ५ वॅटपर्यंत असते. गाळणी अनावश्यक कंप्रता अडवते आणि अँटेना लहरी प्रसारित करते.

कळ सुटताच प्रक्षेपण थांबते. ‘पुलावरून जाऊ नका’ हे सांगताना ती आधीच सुटली, तर ‘नका’ हरवेल आणि इशाऱ्याचा अर्थच उलटेल. म्हणून कळ दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे आणि वाक्य पूर्ण झाल्यावरच ती सोडावी.