तिच्या गोळीची मात्रा किती?

(मिशन रविवारच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘व्यक्तीनुसार उपचार’ हे शब्द हल्ली वरचेवर कानावर येतात. सगळ्यांना सरसकट एक गोळी न देता त्या त्या माणसाचे रक्त, वजन, जनुके पाहून औषध ठरवायचे. आयुष्यभराच्या आजारांत तर हे फार गरजेचे. मग घोडे अडते कुठे? मी डॉक्टर नाही. सातपुड्यात, धडगावच्या बाजूला काम करताना जे पाहिले तेवढे सांगते.

सिकलसेल हा एका जनुकातल्या एका बदलामुळे होणारा आजार. हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्येच दाखवले. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकांत बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर! आपल्या पाड्यांपासून तो अजून दूर आहे. पण हायड्रॉक्सियुरिया ही गोळी आहे. ती वजन पाहून सुरू करतात आणि वरचेवर रक्तपेशी मोजून मात्रा वाढवतात किंवा थांबवतात. म्हणजे हाही व्यक्तीनुसार उपचारच.

आमच्याकडच्या एका सतरा वर्षांच्या मुलीला ही गोळी लागू पडली होती. हाडांची कळ जवळपास थांबली होती. रक्ततपासणी मात्र तालुक्याला. जीपचे भाडे, वर आईची मजुरी बुडणार. दोन तपासण्या चुकल्या. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेले. गोळ्या संपल्या, कार्ड घरी कुडाला खोचलेले. कळ उठली तेव्हा तिथल्या दवाखान्यात सलाईन लावली, पण आजार कोणता हे कोणी विचारले नाही. आई पावरी बोलणारी, तिला सांगता आले नाही. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, “ताई, त्या गोळीचं नाव काय?” नाव मला ठाऊक होते, मात्रा ठाऊक नव्हती. मी नोंद ठेवली नव्हती. ही चूक माझी.

मुलगी वाचली. पण मला कळले की विज्ञान पुढे गेले तरी भाडे, स्थलांतर, भाषा आणि हरवलेला कागद यांपाशी ते थांबते.

आणखी एक. सिकलसेलच्या रुग्णाला मधुमेह झाला, तर ‘तीन महिन्यांची साखर’ ही तपासणी फसवू शकते. त्याच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा कमी दिसतो. माणूस माहीत नसेल, तर अहवालही खोटे बोलतो.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. चांगलेच आहे. पण तपासणी एकदा होते, उपचार जन्मभर चालतो.

आता मी प्रत्येक रुग्णाच्या कार्डाची नक्कल वहीत ठेवते. दुसरी नक्कल प्लास्टिकमध्ये घालून कामाला जाणाऱ्यांच्या हाती देते. आपल्याकडे मागणे एवढेच : एका मंडळीने एका रुग्णाचे वर्षभराचे तपासणीचे भाडे उचलावे आणि त्याच्यासाठी नावाने प्रार्थना करावी.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे, हे प्रभूला दिसत होते. तरी तुला काय हवे, असे त्याने त्याला थांबून विचारले. आपणही आधी थांबू या, विचारू या.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.