उपग्रहांचा ठावठिकाणा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढणीच्या वाटेला लागून चतुर्भुजाचे एक लहानसे मंदिर आहे. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात बागेसाठी दान दिलेल्या जमिनीचे माप २७० हात व १८७ हात असे कोरलेले आहे. यातील २७० मधल्या शून्यामुळे हा लेख जगप्रसिद्ध झाला. आज मला मात्र शून्याविषयी नव्हे, तर मापाविषयी बोलावयाचे आहे. जमीन मोजणाऱ्याला आधी एक खुंटी पक्की ठोकावी लागते. ती हलली की सारे माप व्यर्थ. आता अशी कल्पना करा, की खुंटीच आकाशात आहे आणि सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने धावत आहे! आपल्या खिशातील मोबाइल वाट दाखवितो तो अशाच धावत्या खुंट्यांच्या आधारे. तुम्ही कोठे आहात हे उपग्रहांवरून कळते. पण उपग्रह कोठे आहे, हे कशावरून कळावे?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला, तेव्हा गायर आणि वायफेनबाख हे दोन अमेरिकन शास्त्रज्ञ त्याचे रेडिओ-संदेश ऐकत बसले. न थांबता जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. स्पुटनिकच्या स्वरातील असाच फरक मोजून त्यांनी त्याची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ मॅक्लुअर यांनी १९५८ मध्ये हेच गणित उलटे करून पाहिले. जमिनीवरचे ठिकाण ठाऊक असता उपग्रहाची कक्षा निघते, तर कक्षा ठाऊक असता ठिकाण का निघू नये? या एका प्रश्नातून उपग्रहांद्वारे स्थाननिर्णय करण्याची विद्या जन्मास आली.

परंतु कक्षा एकदा काढली म्हणजे काम संपले, असे नाही. पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगीर आहे. चंद्र आणि सूर्य उपग्रहाला आपल्याकडे ओढतात. सूर्यप्रकाशाचा सूक्ष्म दाबही त्याला ढकलतो. म्हणून त्याचे गणित निरीक्षणाशी सतत ताडून पाहावे लागते. आपल्या पंचांगकर्त्यांनी दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला तो याच कारणासाठी. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील उज्जैनची जुनी वेधशाळा माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ मध्ये दुरुस्त करविली, तीही ग्रह गणिताप्रमाणे आकाशात दिसतात की नाही हे पाहता यावे म्हणूनच. उपग्रहालाही असे पंचांग असते, आणि तो ते आपल्या संदेशातून अखंड सांगत राहतो.

भारताच्या ‘नाविक’ या व्यवस्थेचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. हसन, भोपाळ, जोधपूर आणि शिलाँग येथील केंद्रांतून रेडिओ-संदेशांनी त्यांची अंतरे मोजण्याची योजना आहे. शिवाय उपग्रहांवर आल्या वाटेने प्रकाश परतविणारे आरसे बसविलेले आहेत. त्यांच्यावर लेसरचा झोत टाकला, तर तो सुमारे पाव सेकंदात परत येतो आणि अंतर सेंटिमीटरांच्या हिशेबात कळते.

हे सारे माप अखेर वेळेचे माप आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो; म्हणून घड्याळात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. याकरिता उपग्रहावर अणुघड्याळे ठेवतात. आपल्या मोबाइलमध्ये तसे घड्याळ नसते. त्यामुळे अक्षांश, रेखांश व उंची यांच्या जोडीला वेळ हीसुद्धा चौथी अज्ञात राशी ठरते, आणि निदान चार उपग्रह दिसावे लागतात.

या अचूकतेची किंमत ग्वाल्हेरकरांना सहज उमगेल. १९९९ च्या कारगिल युद्धात येथील तळावरच्या मिराज विमानांनी हिमशिखरांवरील ठाण्यांवर मारा केला. त्या काळी अमेरिका आपल्या जीपीएसचे नागरी संदेश मुद्दाम बिघडवून देत असे. त्यामुळे स्थानात सुमारे १०० मीटरपर्यंत चूक पडे. मे २००० मध्ये हा प्रकार थांबला, परंतु किल्ली मालकाच्याच हाती राहिली. २००६ मध्ये भारत सरकारने स्वतःची व्यवस्था उभारण्यास मंजुरी दिली, आणि १ जुलै २०१३ रोजी तिचा पहिला उपग्रह गेला.

पुढचा मार्ग मात्र सुकर नव्हता. त्या पहिल्या उपग्रहावरील परदेशी बनावटीची तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. उपग्रह आपल्या जागी होता, बोलतही होता. पण खुंटी म्हणून त्याचा उपयोग उरला नाही. २९ मे २०२३ रोजी देशात तयार झालेले अणुघड्याळ घेऊन नवा उपग्रह गेला. २९ जानेवारी २०२५ रोजी गेलेला त्याच्या पुढचा उपग्रह एक झडप न उघडल्यामुळे नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही.

अग्निबाण झेपावताना आपण टाळ्या वाजवितो, आणि ते योग्यच आहे. पण खरे काम त्यानंतर सुरू होते. घड्याळ जपणे, अंतर पुन्हापुन्हा मोजणे, पंचांग दुरुस्त करणे, या कामांना टाळ्या मिळत नाहीत. तरीही समुद्रावरील कोळ्याला किनारा दाखविणे आणि डोंगरातील सैनिकाला आपले ठाणे दाखविणे याच कामांवर अवलंबून आहे. आकाशातील खुंटी एकदा ठोकून भागत नाही. ती रोज नव्याने ठोकावी लागते, आणि ती ठोकणारा हात आपला असावा लागतो.