शून्य आणि गैरहजर

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात वेल्हे येथे केलेले भाषण)



संगणकावर बोलण्यासाठी खरे तर एखादा इंजिनीअर बोलवावयास हवा होता. मी बी.ए., बी.एड., इतिहास शिकविणारा माणूस. पण हॅस्केल नावाची संगणकभाषा मला एका चुकीमुळे शिकावी लागली, आणि ती चूक माझी स्वतःची असल्याने तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मला निश्चित आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आठवीच्या चाचणीची सरासरी मी एका छोट्या प्रोग्रामने काढली. साठ किंवा त्याहून अधिक सरासरी असणाऱ्यांना मोफत जादा वर्गात प्रवेश मिळावयाचा होता. यादी लागली, आणि दुसऱ्या दिवशी एक पालक दारात उभे. म्हणाले, "सर, पोरीचं नाव दिसत नाही. पेपर चांगले गेले म्हणत होती." मुलीचे गुण होते ७८, ७२ आणि ६६. चौथ्या पेपरला ती आलीच नव्हती. भातलावणीचे दिवस, त्यात ओढ्याला पाणी. तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांना हे नवीन नाही. माझ्या प्रोग्रामने कोऱ्या रकान्यात शून्य भरले आणि २१६ ला ४ ने भागून ५४ काढले. ३ ने भागले असते तर ७२ आले असते.

याहून वाईट पुढेच आहे. प्रोग्रामने ते शून्य मूळ यादीतच भरून ठेवले होते. कोणते शून्य खरोखर मिळालेले आणि कोणते गैरहजेरीचे, हे यादी पाहून कळेना. शेवटी कागदाची गुणपत्रके काढून रात्री अकरापर्यंत एकेक नाव ताडून पाहिले.

आता हॅस्केलकडे येतो. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून हे नाव पडले. १९८७ मध्ये ही भाषा करावी असे ठरले आणि १९९० मध्ये तिचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. आपल्या पुणे विद्यापीठातही १९९० नंतरच्या वर्षांत याच कुळातील गोफर ही भाषा शिकविली जात असे. तेथील अध्यापक रुस्तम मोदी यांनी तिच्यात बदल करून 'पुगोफर' ही आवृत्ती केली. तेव्हा हे काही फार दूरचे नव्हे, भोर-वेल्ह्याहून एस.टी.ने जाता येण्याजोग्या ठिकाणचे आहे.

या भाषेचा पाया म्हणजे फंक्शन, गणिताच्या पुस्तकातील 'फल'. आत काही द्यावे, बाहेर उत्तर यावे, आणि दिलेली वस्तू जशीच्या तशी राहावी. गिरणीत भात कांडले की भात उरत नाही, तांदूळ होतो. हॅस्केलमध्ये यादी कांडली तरी मूळ यादी शाबूत राहते व नवी वेगळी तयार होते. नेहमीच्या भाषांत 'एक्स बरोबर एक्स अधिक एक' असे सर्रास लिहितात. बीजगणिताचे शिक्षक त्याला लाल रेघ मारतील, आणि हॅस्केलही गणिताच्याच बाजूचा आहे. माझे मूळ गुण असे राहिले असते तर ती रात्र वाचली असती.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. हॅस्केलमध्ये 'मेबी' नावाचा प्रकार आहे. रकान्यात एक तर 'जस्ट ६६' असते, नाही तर 'नथिंग', म्हणजे काहीच नाही. 'नथिंग' म्हणजे शून्य नव्हे. ते अधिकच्या चिन्हाने बेरजेत घालू गेलात तर कंपायलर प्रोग्राम चालूच देत नाही. अगोदर विचारतो की या रकान्याचे करायचे काय? हा प्रश्न मला त्या पालकांनी विचारला, तो कंपायलरने आधी विचारला असता तर बरे झाले असते.

मग मी प्रोग्राम नव्याने लिहिला, तो तुकड्या-तुकड्यांनी. एक फंक्शन ओळ वाचते व रकान्यांचे 'मेबी' करते. दुसरे 'नथिंग' गाळून हजर पेपरांचे गुण ठेवते. तिसरे सरासरी काढते. चौथे साठच्या आतले वगळते. त्याला फिल्टर म्हणतात, आणि आपल्या घरी सुपात धान्य पाखडतात त्याहून ते निराळे नाही. प्रत्येक तुकडा जीएचसीआयमध्ये एकटा चालवून पाहता येतो. सगळे चोख ठरले की ते टिंबाने जोडावयाचे. मात्र वाचताना उजवीकडून डावीकडे वाचा. उर्दू वाचणाऱ्यांना हे जड जाऊ नये!

सरासरीच्या तुकड्यात दोन खड्डे आहेत. बेरीज पूर्णांकात असते आणि भागाकाराला अपूर्णांक लागतो, म्हणून मध्ये 'फ्रॉमइंटिग्रल' घालावे लागते. येथे प्रत्येक नवशिक्या अडखळतो. दुसरा खड्डा असा की मूल सर्व पेपरांना गैरहजर असेल तर शून्याने भागण्याची वेळ येते. म्हणून सरासरीचे उत्तरही 'मेबी' ठेवावे. रिकाम्या यादीचा विचार आधी, मग भरलेल्या यादीचा, ही सवय या भाषेत पहिल्या दिवसापासून लावून घ्या. 'हेड' हे यादीतला पहिला घटक देणारे फंक्शन रिकाम्या यादीवर कोसळते. अलीकडचा कंपायलर त्याबद्दल सूचना देतो, ती वाचावी. लांब याद्यांची बेरीज करताना 'फोल्डएल'ऐवजी प्राइमचे चिन्ह असलेले 'फोल्डएल' वापरा. हॅस्केल आळशी आहे, काम गळ्याशी येईपर्यंत पुढे ढकलतो, आणि ढकललेल्या कामाचा ढीग स्मरणात साठतो. (विद्यार्थी हसताहेत, त्यांना अनुभव असावा.)

अल-ख्वारिझ्मींचा उल्लेख येथे करावासा वाटतो. 'अल्गोरिदम' हा शब्द त्यांच्याच नावावरून आला. नवव्या शतकातील त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथात वारसांच्या वाटण्यांची उदाहरणे पुष्कळ आहेत. हयात नसलेला वारस आणि काहीच हिस्सा नसलेला वारस यांत गफलत झाली तर घरात काय होते, हे वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको.

घरी संगणक नसलेल्यांनी निराश होऊ नये. एक्सेलची सूत्रे ही याच जातीची आहेत. सूत्र शेजारचा रकाना वाचते, पण बदलत नाही. गुणांचा तक्ता मोबाइलवरही करता येतो. फक्त तेथेही पाहा, सरासरीचे सूत्र कोरा रकाना सोडून देते, पण शून्य मोजते.

यंदा नवीन अडचण आली. एका आजारी मुलाला शाळेने तोंडी परीक्षेतून माफी दिली. ना गुण, ना गैरहजर. 'मेबी' पुरेना. मग मी स्वतःचा प्रकार केला: हजर व गुण, गैरहजर, माफी. कंपायलरच्या सर्व सूचना सुरू ठेवल्या होत्या, त्यामुळे ज्या-ज्या फंक्शनात माफीचा विचार नव्हता ते त्याने ओळीच्या क्रमांकासह दाखविले. अशा जागी 'बाकी काहीही असो' म्हणून अधोरेघ टाकून मोकळे होऊ नका. तसे केले की त्या सूचना गप्प होतात.

त्या मुलीचे नाव दुरुस्त यादीत तिसऱ्या दिवशी लागले. तोवर वर्गाचे दोन तास होऊन गेले होते; ते मी तिला रविवारी घेऊन दिले. सरासरी किमान किती पेपरांची धरावी हे मात्र हॅस्केल सांगत नाही. तो नियम मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या बैठकीत ठरविला, आणि आता तो यादीच्या शेजारीच सूचनाफलकावर लावलेला असतो.