शिकणारी शिडीवर, शिकवणारा कुठे?

(पालघर येथे, बोईसर-तारापूर भागातील महिला गटांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो,

मी आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला. आता माझ्याकडे परवाना आहे आणि माझ्या हाताखाली मुलं-मुली काम शिकतात. या शिकाऊंवरच्या देखरेखीबद्दल मला बोलायचं आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण तो आपल्या घरातला आहे. वायरिंगची माणसं दुपारी येतात, तेव्हा घरात बहुतेक वेळा बाईच असते.

तारापूरच्या अणुवीज केंद्रातून 1969 पासून वीज लांब लांब जाते. आणि इथे बोईसरच्या चाळींत एका मीटरवरून चार-चार खोल्यांना वायरी ओढलेल्या दिसतात. औद्योगिक वसाहत वाढली तशा खोल्या वाढल्या, वायरिंग मात्र जोडावर जोड देत वाढलं. किनाऱ्याकडे चिंचणी-तारापूरला खाऱ्या हवेने जोड गंजतात, पावसात भिंती ओल धरतात. अशा घरात कंत्राटदार अठरा-एकोणीस वर्षांची दोन पोरं सोडतो, "ताई, जरा लक्ष ठेवा" म्हणतो आणि दुसऱ्या कामावर जातो. म्हणजे देखरेख कोणावर आली? तुमच्यावर. तीही बिनपगारी!

कायदा असं म्हणत नाही. बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदारानेच, आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली करायचं असतं. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांत हे होतं, नंतरच्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांतही आहे. प्रत्यक्ष म्हणजे जागेवर, फोनवर नव्हे.

देखरेख म्हणजे नेमकं काय, ते सांगते. काम सुरू होण्याआधी मेन स्विच मी बंद करते आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवते. शेजारच्या खोलीतून जोड घेतलेला असेल तर मेन बंद करूनही वायरीत करंट असतो. म्हणून टेस्टर आधी चालू लाइनवर बघायचा, मग बंद केलेल्या वायरीवर, मग पुन्हा चालू लाइनवर. शिडी धरायला दुसरं माणूस हवंच. शिकाऊने केलेला प्रत्येक जोड झाकण लावण्याआधी मी बघते. स्विच फेजवर आहे ना? हिरवी अर्थिंगची वायर खरोखर जमिनीपर्यंत पोचते ना? शेवटी मेगरने तपासणी, आणि मेन चालू करायचा तो मीच.

एवढं कशाला, असं विचाराल. जुन्या साठ वॅटच्या बल्बमधून साधारण 260 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. माणसाचा जीव जायला त्याहून पुष्कळ कमी पुरतो. म्हणून गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण घरासाठी 30 मिलिअँपिअरचं घेतात. नुसता एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

आता मुलींबद्दल. "तू खाली थांब, सामान दे" ही देखरेख नव्हे, हे शिकू न देणं आहे. दोन वर्षांचा ट्रेड करून ती पक्कड पुढे करायला शिकते, बोर्ड उघडायला नाही. दुसरं टोक म्हणजे तिला एकटीला अनोळखी घरी पाठवणं. मी शिकाऊ असताना मला असंच पाठवलं होतं. घरातल्या पुरुषाने दाराला कडी घातली. मी आरडाओरडा करून बाहेर पडले. कंत्राटदाराला सांगितलं, तर तो म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

आज 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. त्यात शिकाऊ मुलगीही कर्मचारी धरली आहे आणि कामानिमित्त ती ज्या घरी जाते ते घरही कामाची जागा आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा आहे, म्हणजे समितीही इथलीच हवी. ती कुठे बसते, सदस्य कोण आहेत, हे आपल्या गटांनी जाऊन विचारलं पाहिजे.

शिकाऊला काम करताना इजा झाली, तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार भरपाईची जबाबदारी मालकाची असते. पण कराराची नोंदच नसेल, तर "हा आमचा नाहीच" म्हणायला त्याला कितीसा वेळ लागतो?

तेव्हा दार उघडलं की तीन प्रश्न विचारा. परवाना कोणाचा? देखरेख करणारी व्यक्ती कुठे आहे आणि शेवटपर्यंत थांबणार का? शिकाऊंच्या कराराची नोंद आहे का? धड उत्तर मिळालं नाही तर काम थांबवा. पोरांवर रागावू नका, त्यांना पाणी द्या. भांडण कंत्राटदाराशी आहे. भाड्याच्या खोलीत एकटीने घरमालकाला विचारणं कठीण जातं, म्हणून चाळीतल्या दहाजणींनी मिळून विचारा. आणि शिकाऊंत मुलगी असेल तर एवढंही विचारा, "ही शिडीवर कधी चढणार?"