प्रस्थान

आपल्याकडे पूर्वीं लांबच्या प्रवासास निघावयाचें झालें म्हणजे प्रस्थान ठेवण्याची चाल होती. पंचांगांतला मुहूर्त एका दिवशीं आणि घरची सवड दुसऱ्या दिवशीं असें झालें, कीं मुहूर्तावर थोडे तांदूळ, सुपारी व एखादें वस्त्र यांचें गांठोडें बांधून तें शेजाऱ्याच्या घरीं नेऊन ठेवीत. माणूस घरींच असे, परंतु तो निघाला असें सर्वजण धरून चालत. या चालीमागील समजूत आज कोणी मानो वा न मानो, मनानें निघणें आणि पायानें निघणें यांत कांहीं दिवसांचें अंतर असतें, हें तिच्यांत चांगलें ओळखलेलें आहे. त्या अंतरांत करावयाचें काम पुष्कळ असतें. आज मी त्या कामाविषयींच बोलणार आहें, कारण सध्यां मी त्याच अंतरांत उभा आहें. येत्या जानेवारींत, वयाच्या ६४ व्या वर्षीं, वाईहून कन्याकुमारीस मोटारसायकलवरून एकट्यानें जाण्याचा माझा विचार आहे.

शाळेंत मीं ३४ वर्षें भूगोल शिकविला. नकाशावर छडीचें टोक कोंकणावरून मलबारापर्यंत किती वेळां फिरविलें याची गणती नाहीं. खाडी म्हणजे काय, खाजण म्हणजे काय, भूशिर कशास म्हणावें, या व्याख्या मुलांकडून पाठ करवून घेतल्या. त्या व्याख्यांतलें पाणी एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, एवढीच माझी इच्छा आहे.

असें एकट्यानें निघणारे कांहीं थोडे नाहींत. रॉबर्ट फुल्टन नांवाचा एक अमेरिकन तरुण वास्तुशास्त्राचा अभ्यास करून १९३२ सालीं लंडनमध्यें आला होता. एका भोजनप्रसंगीं, आतां घरीं केव्हां जाणार, असें एका बाईनें विचारतांच तो सहज बोलून गेला, कीं मी मोटारसायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करीत जाणार. पंगतींत डग्लस कंपनीचा एक अधिकारी बसला होता. त्यानें तेथल्या तेथें गाडी देऊं केली. झालें! शब्द तोंडांतून गेला तो परत घेतां येईना. तुर्कस्थान, इराक, हिंदुस्थान, चीन, जपान असा प्रवास करून १९३३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशीं तो न्यूयॉर्कला पोंचला. टेड सायमन हा लेखक १९७३ च्या ६ ऑक्टोबरला लंडनहून निघाला. त्याची वाट आफ्रिकेंतून, म्हणजे इजिप्तवरूनच जावयाची, आणि नेमक्या त्याच दिवशीं इजिप्त व इस्रायल यांचें युद्ध पेटलें. तो थांबला नाहीं. चार वर्षांनीं, १९७७ सालीं, तो परत आला. पुढें २००१ सालीं, ६९ वर्षांचा असतांना, तो त्याच वाटेनें पुन्हां निघाला, हें माझ्यासारख्यानें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. स्त्रियाहि यांत मागें नाहींत. एल्स्पेथ बिअर्ड ही लंडनची विद्यार्थिनी १९८२ सालीं एकटी निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९८४ सालीं घरीं आली. या मंडळींच्या मानानें माझा प्रवास म्हणजे घरापासून ओसरीपर्यंतचा. परंतु ओसरीवर जातांनाहि पायरी पाहूनच उतरावें लागतें.

पहिला प्रश्न काळाचा. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, जानेवारींत पौष येतो. पौषांत कोणी निघतें का?" त्यांचा मान राखून मीं त्यांना माझें पंचांग दाखविलें, तें पावसाचें. जून ते सप्टेंबर कोंकण आणि मलबार नैर्ऋत्येच्या पावसाखालीं असतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्री नदीचा जुना पूल पुरांत वाहून गेला व त्याबरोबर एस्. टी. च्या दोन गाड्या गेल्या, हें आपण विसरलेले नसाल. आपल्याकडे दसरा-दिवाळींत आकाश निवळतें. परंतु दक्षिण टोंकाला ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा पाऊस असतो. दोन्ही पाऊस चुकवावयाचे तर जानेवारी व फेब्रुवारी हे महिने सोयीचे. म्हणून पौष.

वाट अशी आहे. वाईहून सातारा, पाटण व कोयनानगर करून कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरावयाचें आणि तेथें मुंबई-गोवा रस्ता धरावयाचा. हा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारें १६०० किलोमीटर आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे आपले जिल्हे, मग गोवा, कारवार, उडुपी, मंगळूर, कोळिकोड, तिरुवनंतपुरम् अशीं गांवें तो जोडीत जातो. रोज २०० किलोमीटर धरले तर आठ दिवस पुरतात. याहून अधिक चालावयाचें नाहीं आणि सूर्यास्तानंतर गाडीवर बसावयाचें नाहीं, असे दोन नियम मीं वहींत लिहून ठेवले आहेत.

वेगाचा हिशेब तर माझा आवडता. ताशीं ३६ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत १० मीटर जाते. समोर म्हैस आडवी आली हें डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यांत १० मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर बेतानें ब्रेक लावला असतां थांबावयास आणखी १० मीटर लागतात. एकूण २० मीटर. आतां वेग दुप्पट, म्हणजे ताशीं ७२, करूं. हात उचलेपर्यंत २० मीटर जातात. आणि थांबण्याचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यानें तें दुप्पट न होतां चौपट, म्हणजे ४० मीटर होतें. एकूण ६०. वेग दुप्पट केला आणि अंतर तिप्पट झालें! म्हैस मात्र होती तेथेंच उभी आहे. या उदाहरणाचें उत्तर ज्याला येत नाहीं, त्यानें महामार्गावर जाऊं नये. वय झालें म्हणजे तो एक सेकंदहि सव्वा-दीड होतो. म्हणून मीं वेग ताशीं ५० च्या आंत ठरविला आहे.

गाडीची विद्या मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दिली. त्याचें गॅरेज आहे. मागलें चाक काढणें, ट्यूबचें पंक्चर जोडणें, चेनचा ताण पाहणें, क्लचची तार बदलणें, प्लग साफ करणें, एवढीं कामें त्यानें मजकडून तीन-तीन वेळां करून घेतलीं. तिसऱ्या वेळीं तो हंसून म्हणाला, "गुरुजी, आतां पास!" सामानाविषयींहि त्यानें एक गोष्ट शिकविली. जड वस्तु खालीं व गाडीच्या मध्याजवळ बांधावी. उंच आणि मागें बांधली तर पुढलें चाक हलकें होतें व खाडीच्या पुलावर आडवा वारा आला म्हणजे गाडी डोलते.

कागदपत्रांचेंहि तसेंच. वयाच्या ५५ वर्षांनंतर वाहन चालविण्याचा परवाना पांच-पांच वर्षांचाच मिळतो व त्याला डॉक्टरांचा दाखला लागतो. कित्येकांना हा त्रास वाटतो. मला तो सरकारनें आपल्यासाठीं ठेवलेला एक आरसा वाटतो. डोळे, कान आणि रक्तदाब यांचें खरें वर्तमान त्यांत दिसतें.

आतां ज्या प्रश्नानें घर हललें, त्याकडे येतों. "एकटेच कां?" असें सौभाग्यवतीनें विचारलें. मीं सांगितलें, कीं दोघे प्रवासी एकमेकांशीं बोलतात. एकटा असेल त्याला परक्याशीं बोलावें लागतें, पाणी मागावें लागतें, वाट विचारावी लागते. भाषा येत नसली तरी माणूस भेटतो तो असाच. शिवाय सोबत असली कीं चढाओढ येते. थकलेला पुढच्याच्या मागें ओढला जातो. एकट्याला थांबावेंसें वाटलें तर तो थांबतो.

ती म्हणाली, "हें सगळें खरं. पण तुम्ही पडलांत, तर बघणारं कोण?"

श्रोतेहो, या प्रश्नाला टाळाटाळीचें उत्तर देणें बरें नव्हे. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं आणि त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. हेल्मेटनें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं. मीं तिला सांगितलें तें एवढेंच: खिशांत नांव, रक्तगट आणि घरचा फोन लिहिलेलें कार्ड राहील, ११२ या क्रमांकावर मदत मिळते व महामार्गासाठीं १०३३ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या सुधारणेनें मोटार वाहन कायद्यांत असें कलम आलें आहे, कीं जखमीस सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाहीं, व आपलें नांव सांगण्याची सक्तीहि त्याच्यावर होत नाहीं. बघणारा कोणी परकाच असेल. त्याला भिण्याचें कारण उरूं नये, अशी तजवीज कायद्यानें केली आहे.

ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "तुम्ही आठ दिवस रस्ता बघाल. मी आठ दिवस फोन बघेन."

त्या दिवसापासून मला माझा प्रवास एकट्याचा म्हणवत नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं कर्जफेडीच्या आशेनें चुलत्यासह उत्तरेस गेले, बंडाच्या वणव्यांत सांपडले आणि पुढें गंगेची कावड घेऊन घरीं आले. त्यांचा 'माझा प्रवास' आपण आवडीनें वाचतों. परंतु वरसईस मागें राहिलेल्या मातापित्यांनीं ते दिवस कसे काढले, याचें पुस्तक कोणीं लिहिलें नाहीं. निघणाऱ्यानें घरच्यांच्या या प्रवासाचीहि तयारी करून द्यावयास हवी.

म्हणून आम्हीं दोघांनीं बसून तीन अटी ठरविल्या आहेत. रोज मुक्कामावर पोंचतांच, चहा घेण्यापूर्वीं, फोन करावयाचा. ज्या दिवशीं तिला आवाजांत थकवा जाणवेल, त्याच्या दुसऱ्या दिवशीं गाडी हलवावयाची नाहीं. आणि ती "परत या" म्हणाली तर कारण न विचारतां तोंड फिरवावयाचें, मग कन्याकुमारी एका दिवसावर कां असेना.

चौथी अट मीं स्वतः घातली आहे. डिसेंबरांत सगळें सामान लादून कुंभार्ली घाटानें चिपळुणास जावयाचें, एक रात्र राहावयाचें व परत यावयाचें. घाटांत हात कांपले, मान दुखली, वा परतल्यावर दोन दिवस अंथरूण धरावें लागलें, तर मोटारसायकल गॅरेजांत ठेवून आम्ही दोघें आगगाडीनें कन्याकुमारीस जाऊं. आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या. तेव्हां आपल्या परीक्षेला कुरकुर करतां येत नाहीं. फक्त या परीक्षेचा निकाल मी लावणार नाहीं. तो तिच्याकडे सोपविला आहे, आणि ती वाढीव गुण देणाऱ्यांतली नव्हे.